ओळंबेआण्णा

आण्णा वारले असं त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा माझा पटकन विश्वास बसला नाही. कारण त्याआधी ते निदान चार वेळा वारले होते, आणि चारही वेळा ती बातमी त्यांनी स्वतःच दिली होती.

पहिल्यांदा वारले ते माझ्यासमोर. मी तेव्हा साताऱ्याहून शिरवळच्या एका कारखान्यात डिझाइनच्या नोकरीला रोज जात-येत असे. नवीन पगार, जुनी लाल छोटी गाडी आणि डोक्यात ऑटोक्रॉसचं खूळ. मोकळ्या आवारात नारिंगी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून वळणावळणाची वाट काढत एकेकानं गाडी पळवायची, कमी वेळ लागेल तो पहिला, शंकू पाडला तर वेळेत भर. असा तो खेळ. खेळायचा तर गाडी जमिनीलगत हवी, म्हणून मी पुण्यातून आखूड स्प्रिंगा बसवून ती दोन इंच खाली आणली. दिसायला झकास झाली. पण रस्त्यात उंचवटा आला की स्टेअरिंग न हलवता गाडी आपली आपण बाजूला उडी मारायची. खंबाटकीच्या घाटात दोनदा कठड्याचं दर्शन झालं, तेव्हा ऑफिसातला एक जण म्हणाला, "उंब्रजला ओळंबेआण्णांकडे जा."

उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याची एक लांब शेड होती. पाटी नव्हती. दारात पांढरी टोपी, खाकी हाफपँट आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सडसडीत म्हातारा जमिनीवर गोटी ठेवून तिच्याकडे कान लावल्यासारखा बसला होता.

"ओळंबे इथंच राहतात का?" मी विचारलं.

म्हातारा उठला. टोपी काढली. "ओळंबे गेले, बाई."

"कुठं?"

"वर. परवा दहावा झाला. मी धाकटा भाव."

मी आपलं "फार वाईट झालं" वगैरे पुटपुटले आणि गाडीकडे वळले. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आवं, कशापायी लेकरास्नी छळताय? बाई, आत या. ह्येच ते. ह्येंचं आडनाव जाधव हाय, आन् ह्येंना भाव न्हाई."

ओळंबे हे त्यांचं आडनाव नव्हतंच. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधलेलं वजन सोडतात, तो ओळंबा. आण्णा तो प्रत्येक गाडीच्या चाकाशेजारी सोडायचे. त्यावरून गावानं नाव पाडलं आणि बाहेरच्यांनी ते खरं मानलं. कुणी 'ओळंबेसाहेब' म्हणत आलं की आण्णांना तो माणूस परका आहे हे लगेच कळायचं, आणि परका माणूस म्हणजे त्यांची हक्काची करमणूक.

सैन्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत त्यांची अठरा वर्षं गेली होती. घरचा ऊस पुतण्या बघायचा. आण्णांचं सगळं लक्ष शेडमधल्या जमिनीवर. पातळी बघायची पाण्याची नळी लावून लावून ती त्यांनी स्वतः इतकी सपाट केली होती की गोटी कुठंही ठेवली तरी जागची हलत नसे. रोज सकाळी पूजा केल्यासारखी ते गोटी ठेवून बघायचे. "आधी भुई खरी पायजे," म्हणायचे. "भुई खोटी आसंल तर वरचं समदं मोजमाप खोटं."

त्या दिवशी ते माझ्या गाडीखाली गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "इंजिनेरबाई, तुमची गाडी शरण आलीया."

"म्हणजे?"

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात खाली उतरते धरले. "चाकाला धरणारे खालचे हात आसं उतरते पायजेत. तुमी गाडी खाली बसवली, हात वर ग्येले." त्यांनी हात वर केले. "आसं कोण करतं? शरण आल्याला. त्येनं वळणावर काय झुंज द्यायची?"

"आणि उडी का मारते?"

"ह्यो खालचा हात आन् त्यो स्टेअरिंगचा दांडा, दोघांनी जोडीनं वर-खाली झालं पायजे. नवरा-बायकोगत. आता एक हिकडं चाललाय, एक तिकडं. खड्डा आला की भांडण. भांडणात चाक वळतं."

मी चार वर्षं कॉलेजात हेच आकृत्या काढून शिकले होते. इतकं स्पष्ट मला तेव्हा कळलं नव्हतं.

कराडच्या लेथवाल्याकडून पोलादी ठोकळे करून आणून त्यांनी ते हात पुन्हा उतरते केले, दांड्याचं टोकही त्याच मापानं खाली घेतलं. मग आली चाकांची पाळी. गाडीच्या दोन्ही अंगांना त्यांनी गळाची तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, ताणली, ओळंबे सोडले, आणि चाकाची पुढची कड दोरीपासून किती, मागची किती, वरची किती आत झुकली, ते पोलादी पट्टीनं मोजायला सुरुवात केली. मोजायला म्हणजे, पट्टी ते धरायचे आणि आकडा मला वाचायला लावायचे.

"वाचा. शिकल्याल्या हाय न्हवं?"

तिथं येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला ते असंच वाचायला लावायचे. वकील असो, डॉक्टर असो, बाराखडी म्हणणाऱ्या पोरासारखा उकिडवा बसून आकडे वाचायचा. शिकलेल्यांची जिरवायची त्यांची ही रीत आहे असं सगळे समजत होते. मीही समजत होते.

चाकं जुळवताना गाडीत चालवणारा बसलेला हवा, नाहीतर त्याच्या वजनाची पोती. आण्णांकडे वाळूची पोती तयार असायची. चारचौघांत ते मोठ्यानं विचारायचे, "वजन किती?"

मी म्हटलं, "पंचावन्न."

पोती ठेवली, चाकं जुळली. मग ती उतरवून त्यांनी मला बसवलं आणि काकूंना पट्टी वाचायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "दोन मिलिमीटर खाली आलीया."

आण्णांनी दोरीवर बोट टेकवलं, मान डोलवली आणि शेडमध्ये बसलेल्या चार गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "पंचावन्नात आणिक आठ-नऊ किलो सत्य मिळवा रं."

माझं वजन चौसष्ट होतं. माझा चेहरा गाडीच्या रंगाचा झाल्यावर त्यांनी धीर दिला, "लाजू नका. बाप्ये ह्येच्याहून जास्ती खोटं बोलत्यात."

त्या फजितीची फेड म्हणून पुढच्या खेपेला मी मुद्दाम तेराचा आकडा पंधरा वाचला. आण्णांनी दोरी आणि चाकाच्या मधल्या फटीत करंगळी घातली. "इंजिनेरबाई, माझी करंगळी आजून जाड झाली न्हाई."

मला वाटलं, काय हात आहे या माणसाचा! हात असा का झालाय, हा प्रश्न मनात आला नाही.

सांगलीचा अनिकेत नावाचा एक मुलगा माझ्याबरोबर ऑटोक्रॉस खेळायचा. घरचा हळदीचा व्यापार, गाडी माझ्यापेक्षा तिप्पट भारी, तीही खाली बसवलेली, आणि बोलणं गाडीपेक्षाही भारी. एकदा तो आण्णांकडे संगणकानं छापलेला कागद घेऊन आला. त्यावर चारही चाकांचे कोन हिरव्या रंगात. "सगळं परफेक्ट आहे, तरी गाडी वळणावर पुढं सरकते. तुमच्या दोरीला जमेल का हे?"

आण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हिरवा रंग लय ग्वाड हाय. बसा. टाइम लागंल."

दोन तास लागले. आण्णा गाडीखाली गेले, हातोडीनं ठोकलं, बाहेर आले, चहा घेतला, पुन्हा गेले, आतून "आरं तिच्या!" म्हणून ओरडले, पुन्हा चहा घेतला. अनिकेत घामाघूम. शेवटी आण्णांनी चाव्या दिल्या. "कराडपातूर जाऊन या."

अनिकेत परत आला तो जवळजवळ नाचतच. "आण्णा, गाडीच बदलली! काय केलंत तरी काय?"

"हवा काढली."

"टायरची?"

"पयली तुमची. मग टायरची, पुढच्या दोन्हींची. चाकं तुमच्या त्या कागदवाल्यानं चांगली लावलीत. त्येला माझा नमस्कार सांगा."

अनिकेतला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्या दिवसापासून तो टायरमध्ये हवा भरायलाही सांगलीहून उंब्रजला येऊ लागला.

यानंतरची गोष्ट घडली ती एका स्पर्धेच्या दिवशी.

सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचं आवार उन्हाळ्यात रिकामं असतं. हंगामात जिथं उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या राहतात, तिथं आमचे शंकू मांडले होते. हवेत मळीचा आंबूस वास, डांबर तापलेलं. आण्णा मुद्दाम आले होते, कारण माझ्या गाडीचं त्यांनी नव्यानं काही केलं होतं. पुढची चाकं केसभर बाहेर तोंड करून लावली होती. "वळायला उतावीळ ऱ्हातील," म्हणाले होते. टायरच्या कडेला ते खडूनं रेघा मारायचे आणि पळून आल्यावर किती पुसल्या ते हातानं चाचपून बघायचे.

एका वेळी एकच गाडी सोडायची असा नियम. माझी तिसरी फेरी चालू होती. वजनकाट्याच्या खोलीला वळसा घालून मी बाहेर आले, आणि वाटेच्या मधोमध आण्णा उभे. पलीकडे कुणीतरी गाडी चालू करून बंद केली होती. त्या आवाजावरून त्यांना वाटलं, माझी फेरी संपली. ते खडू घेऊन निघाले होते.

मी हॉर्न दाबला. त्यांनी मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. आणि हलले नाहीत.

पुढचं सगळं हातांनी केलं, डोक्यानं नाही. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. गाडीची आधीची जुळणी असती तर चाकं वळली असती आणि गाडी सरळ गेली असती. ही वळली. माझ्या मागच्या चाकांनी शंकूंची अख्खी ओळ उडवली, आणि गाडी साखरेच्या गोदामाच्या ओट्यापाशी जाऊन थांबली. मी दार ढकलून उतरले.

सगळे धावले. आण्णा मात्र शांतपणे चालत आले, बॉनेटवर हात ठेवला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "बगितलं? टेस्ट घेतली. कशी वळती आता!"

लोक हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. अनिकेत म्हणाला, "आण्णा, तुमच्या काळजाला सलाम." गर्दी पांगली. मी रागानं काही बोलणार, तोच आण्णा माझ्या कानाशी वाकले.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "कुठल्या अंगानं ग्येलीस? डाव्या का उजव्या?"

पहिल्यांदाच त्यांनी मला 'पोरी' म्हटलं होतं. आणि माझा राग जागच्या जागी विरला. वाटेच्या मधोमध ते माझ्याकडे पाहत उभे होते, पण त्यांना मी दिसलेच नव्हते. पट्टीवरचे आकडे, वकील, डॉक्टर, करंगळी, सगळं एका क्षणात उलगडलं.

परतीच्या वाटेवर कराड मागं पडलं. मग ते म्हणाले, "काकूला सांगू नगंस."

मी सांगितलं. आण्णा हातपाय धुवायला मागे गेले तेवढ्यात सांगितलं. काकू भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"मला दोन वर्सं म्हाईत हाय. पेपर उलटा धरत न्हाईत एवढंच. मागल्या गणपतीत शेजारच्या शेवंताला म्हणाले, 'आगं, माझा टावेल दे.' ती आजून हसती."

"मग डॉक्टर?"

"मोतीबिंदू हाय, दुसरं काय? पर सुईचं नाव काढलं की ह्यो फौजी गोठ्यात जाऊन बसतो. आन् आपल्याला दिसत न्हाई म्हटलं तर गिऱ्हाईक काय म्हणंल, ही दुसरी भीती." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, "आज तू व्हतीस म्हणून. उद्या दुसरं कोण आसंल तर? थांब, बघत्ये मी."

आण्णांनी आयुष्यभर लोकांना बनवलं. त्यांना एकदाच, पण पक्कं बनवलं गेलं, आणि ते काकूंनी. पुढच्या आठवड्यात त्यांनी सहज विषय काढला. मिरजेला एका डॉक्टरांची गाडी आहे, म्हणे. डावीकडे ओढते. सहा मेकॅनिकांनी हात टेकलेत. सातवा म्हणाला, ही कुणाच्या बापाच्यानं सरळ व्हायची नाही.

"आसं म्हणाला?" आण्णा उठून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी, पट्टी, ओळंबे पिशवीत भरून ते मिरजेला. मी गाडी चालवत होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि चेहरा गंभीर ठेवायला मला घाटात पडले नसतील इतके कष्ट पडले. दवाखान्याच्या दारात औषधाचा वास येताच आण्णा म्हणाले, "गाडी हितं कुठाय?"

"आत हाय," काकू म्हणाल्या आणि त्यांचा दंड पकडला. ती पकड मी पाहिली. एखादा पैलवानही सुटला नसता.

डॉक्टर पन्नाशीचे, हसऱ्या तोंडाचे होते. काकूंनी त्यांना आधीच सारं सांगून ठेवलं होतं. त्यांनी आण्णांच्या पिशवीतली पट्टी मागून घेतली आणि समोर धरली. "आण्णा, माझी गाडी खरंच डावीकडे ओढते. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. पण हा आकडा वाचा आधी."

आण्णा पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंच्या दिशेनं मान वळवली. "तू बी ना," एवढंच म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

एका डोळ्याचं त्याच आठवड्यात झालं, दुसऱ्याचं महिन्यानं. ऑपरेशन चालू असताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "भिंग नीट मधोमध बसलंय न्हवं? न्हाईतर मीबी डावीकडं वडीन." डॉक्टरांना हात थांबवून हसून घ्यावं लागलं. त्यांची गाडी आण्णांनी पुढं सरळ करून दिली. ती सहा मेकॅनिकांनी काय, एकानंही पाहिलेली नव्हती.

दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर पहिल्या दिवशी ते अंगणात खुर्ची टाकून सगळ्यांकडे टक लावून बघत बसले होते. मी गेले तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आवाजावरनं बारीक वाटली व्हतीस."

मग काकू चहा घेऊन आल्या. आण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. कपभर चहा निवेपर्यंत.

"सुमन, तू कवा गं म्हातारी झालीस?"

"तुमचं ध्यान न्हवतं तवा," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

नीट दिसायला लागल्यावर आण्णा जास्त बिघडले. आता ते लोकांना आकडे वाचायला लावायचे आणि वर चुकाही काढायचे. पण त्यांच्यात एक बदल झाला. इतकी वर्षं ते दुसऱ्याच्या गाड्या पळवायला लायक करत आले होते, स्वतः कधी पळवली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात त्याच आवारात स्पर्धा होती. नाव नोंदवणाऱ्या मुलानं मला विचारलं, "हे जाधव आनंदराव कोण? वय अडुसष्ट लिहिलंय. चुकून का?"

चुकून नव्हतं. त्यांनी माझ्याच गाडीवर नाव घातलं होतं, आणि ते मला त्या मुलाकडून कळलं.

त्यानंतरही, ते खरोखर जाईपर्यंत, मी त्यांना तीन-चारदा भेटले, दिवाळीचा फराळ घेऊन गेले. पण आण्णा म्हटलं की शेवटचे दिसतात ते त्या दिवशीचे. टोपीवर हेल्मेट बसेना म्हणून त्यांनी टोपीची घडी करून खिशात घातली. पांढऱ्या केसांवर हेल्मेट चढवलं. सीट पुढं ओढली, आरसे जुळवले, आणि निशाण पडल्यावर आधी उजवीकडे-डावीकडे बघून, रस्त्यावर येणाऱ्या माणसासारखे निघाले. पहिल्या वळणाला लोक हसले. तिसऱ्या वळणाला हसणं थांबलं. ते वेगानं जात नव्हते, पण गाडी एकदाही अडखळत नव्हती. शंकूंना वारा लागावा इतक्या जवळून जायची आणि एकही शंकू हलत नव्हता. अनिकेत माझ्याशेजारी उभा होता. शिट्टी वाजवायला त्यानं तोंडात बोटं घातली आणि तशीच ठेवली.

शेवटचं वळण झालं. समोर संपल्याची रेघ, तिथं थांबायचं. आण्णा थांबले नाहीत. रेघ ओलांडली, वजनकाटा ओलांडला, कारखान्याचं मोठं फाटक उघडं होतं, त्यातून बाहेर पडले आणि कालव्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना उभा ऊस. वेग आता खरा वाढला. लाल गाडी वळणावर जराशी झुकली आणि उसाच्या आड गेली. आवाज तेवढा येत राहिला, लांब लांब जाणारा.

घड्याळवाला मुलगा माझ्याकडे धावत आला. "मॅडम, गेले कुठं ते? गाडी तुमची ना?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या कडुलिंबाच्या सावलीत सतरंजीवर बसल्या होत्या. हाताचा आडोसा करून त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत एकदा नजर टाकली आणि डब्याची कडी काढली.

"बस पोरी, जेवून घे," त्या म्हणाल्या. "ते काय इतक्यात येत न्हाईत."